चेंडूवरील सही

मागील महिन्यांत या सदरांत मीं बनावट ताम्रपटांविषयीं लिहिलें होतें. दान देणारा राजा एका शतकांतला आणि पटावरील अक्षरांचें वळण दुसऱ्याच शतकांतलें, अशी विसंगति हातीं लागली कीं संशोधक तो पट खोटा ठरवितात, एवढाच त्या लेखाचा मथितार्थ होता. त्यावर नाशिकच्या एका वाचकभगिनीनें विचारलें आहे कीं, हें सारें हजार वर्षांपूर्वींचें झालें. आपल्यासारख्या संसारी माणसांच्या घरांत आज अशी परीक्षा करण्याचा प्रसंग येतो काय? प्रश्न मार्मिक आहे. असा प्रसंग माझ्या स्वतःच्या पुतण्याच्या घरीं आला. आणि तो ताम्रपटावरून नव्हे, तर एका चेंडूवरून आला. तीच हकीकत आज सांगतों.

पुतण्या अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत राहतो. इ. स. २०२३ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां तीन महिने त्याच्याकडे राहून आलों. त्याचा मुलगा, म्हणजे आमचा नातू, तेव्हां बारा वर्षांचा होता. पहिल्याच दिवशीं तो मला हात धरून आपल्या खोलींत घेऊन गेला. तेथें पुस्तकांच्या कपाटावर, पारदर्शक पेट्यांत एकेक, असे नऊ चेंडू ओळीनें मांडलेले होते. "आजोबा, हात लावायचा नाहीं हं. घामानें शाई जाते," अशी ताकीद त्यानें मला आधींच देऊन टाकली. ज्याचें आयुष्य मुलांना "हात लावूं नका" म्हणून सांगण्यांत गेलें, त्या मास्तराला ही आज्ञा ऐकून मोठी मौज वाटली. चामड्याच्या वस्तु इतक्या सोवळ्यांत ठेवलेल्या पाहून आमच्या सौ. मात्र पदराआड हंसल्या.

हे चेंडू बेसबॉल या खेळाचे. आपल्याकडे हा खेळ फारसा कोणी पाहिलेला नसतो, म्हणून चेंडूची ओळख आधीं करून देतों. मधोमध बूच आणि रबर यांचा गाभा. त्यावर लोकरीच्या धाग्यांचे घट्ट वेढे. आणि वर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे कापलेले चामड्याचे दोन पांढरे तुकडे. हे तुकडे लाल दोऱ्यानें शिवतात, आणि ती शिवण आजहि हातानेंच होते. चेंडूचें वजन ५ ते ५¼ औंस व परीघ ९ ते ९¼ इंच असावा, असा नियम आहे. पूर्वीं चामडें घोड्याचें असे; इ. स. १९७४ पासून गाईचें वापरतात. टांके मोजले तर ते १०८ जोडटांके भरतात. जपमाळेचे मणीहि तितकेच. परंतु हा निव्वळ योगायोग आहे, त्यांत कोणीं गूढार्थ शोधूं नये.

आतां असे चेंडू लोकांच्या घरीं येतात कसे? क्रिकेटमध्यें षट्कार प्रेक्षकांत जाऊन पडला तरी चेंडू परत द्यावा लागतो, कारण त्याच चेंडूनें डाव पुढें चालावयाचा असतो. बेसबॉलची रीत निराळी. इ. स. १९२० मध्यें रे चॅपमन नांवाचा खेळाडू डोक्याला चेंडू लागून मरण पावला. चेंडू मळून काळवंडलेला होता म्हणून तो त्याला नीट दिसला नसावा, असें तेव्हां बोललें गेलें. त्यानंतर चेंडू मळला, खरचटला कीं पंच तो बाजूस काढूं लागले. आज एका सामन्यास शंभराच्या आसपास चेंडू लागतात, आणि प्रेक्षकांत गेलेला चेंडू ज्याच्या हातीं पडेल त्याचा होतो. हा हक्कहि भांडून मिळालेला आहे. इ. स. १९२१ मध्यें न्यूयॉर्क येथें एका प्रेक्षकानें हातीं आलेला चेंडू परत करण्यास नकार दिला, म्हणून त्याला मैदानाबाहेर काढण्यांत आलें. त्यानें संघावर फिर्याद केली आणि न्यायालयानें त्याला १०० डॉलर देवविले.

चेंडू घरीं येऊं लागल्यावर त्यावर खेळाडूची सही घेण्याची हौस वाढली. दोन शिवणी जेथें एकमेकींच्या अगदीं जवळ येतात, तेथील कोऱ्या जागेला 'स्वीट स्पॉट' म्हणतात. थोर खेळाडूची एकट्याची सही नेमकी त्या जागीं असेल, तर तो चेंडू संग्राहकांना रत्नासारखा वाटतो. या खेळांतील सर्वांत लोकप्रिय पुरुष म्हणजे बेब रूथ. चेंडू मैदानाबाहेर धाडणाऱ्या टोल्याला 'होमरन' म्हणतात. रूथनें असे ७१४ टोले मारले. तो सह्या देण्यांतहि उदार होता. इ. स. १९२६ मध्यें न्यू जर्सींतीलच जॉनी सिल्व्हेस्टर नांवाचा अकरा वर्षांचा मुलगा आजारानें अंथरुणास खिळला होता. अजिंक्यपदाचे सामने चालू असतांना त्याच्याकडे खेळाडूंच्या सह्यांचे चेंडू धाडण्यांत आले. रूथनें त्यांवर वचन लिहिलें कीं, बुधवारच्या सामन्यांत मी तुझ्यासाठीं एक होमरन मारीन. त्या बुधवारीं, ६ ऑक्टोबरला, त्यानें एक नव्हे, तीन मारले! मुलगा बरा झाला आणि १९९० पर्यंत जगला. तो चेंडूनें बरा झाला कीं औषधानें, हें वैद्यांनीं सांगावें. पण सही म्हणजे काय, हें या गोष्टीवरून समजतें. कोणीएक थोर माणूस क्षणभर आपल्यासाठीं थांबला होता, याची ती खूण आहे.

पुढें या खुणेला किंमत आली, आणि किंमत आली कीं मागोमाग लबाडी येते. इ. स. १९९८ मध्यें मार्क मॅक्ग्वायर यानें एका हंगामांत ७० होमरन मारण्याचा विक्रम केला. त्याचा सत्तरावा चेंडू पुढच्याच वर्षीं सुमारें ३० लाख डॉलरांस विकला गेला. इ. स. २०१० मध्यें त्यानेंच कबूल केलें कीं, आपण शक्तिवर्धक औषधें घेत होतों. म्हणजे चेंडू खरा, पण पराक्रम किडका! इ. स. २००१ मध्यें बॅरी बॉन्ड्स यानें त्र्याहत्तरावा टोला मारला, तेव्हां तो चेंडू एकाच्या हातमोज्यांत आला, गर्दीच्या रेट्यांत निसटला आणि दुसऱ्यानें उचलला. दोघेहि न्यायालयांत गेले. न्यायाधीशांनीं चेंडू विकून पैसे निम्मे निम्मे वाटून घ्या असा निवाडा केला, आणि तो ४ लाख ५० हजार डॉलरांस गेला. अलीकडे, इ. स. २०२४ मध्यें, शोहेइ ओतानी या जपानी खेळाडूच्या पन्नासाव्या होमरनचा चेंडू ४३ लाख ९२ हजार डॉलरांस विकला गेला. चामड्याचा पांच औंसांचा गोळा आणि ही किंमत! मग खोट्या सह्या कां होणार नाहींत?

नातवाच्या नऊ चेंडूंपैकीं आठ साधे होते. मधल्या पेटींत मात्र पिंवळट पडलेला एक जुना चेंडू होता आणि त्यावर बेब रूथची सही होती. पुतण्यानें तो दोन वर्षांपूर्वीं एका प्रदर्शनांत एका विक्रेत्याकडून घेतला होता. सूनबाईंनीं हळूच सांगितलें कीं, त्यासाठीं त्यांनीं दोन वर्षें भारतांत येण्याचा बेत पुढें ढकलला होता. मुलगा महाविद्यालयांत जाईल तेव्हां हा विकूं, त्याच्या शिक्षणास हातभार लागेल, असा त्यांचा हिशेब होता. "खरा कशावरून?" असें मीं सहज विचारलें. पुतण्यानें खणांतून सोनेरी कांठाचें एक प्रमाणपत्र काढून माझ्यासमोर ठेवलें.

वाचकहो, तर्कसंग्रह मीं वर्षानुवर्षें मुलांना शिकविला. त्यांत ज्ञानाचीं चार साधनें सांगितलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चेंडूची परीक्षा करणारे अमेरिकन लोक हीं नांवें जाणत नाहींत. पण त्यांचें सारें शास्त्र याच चार खांबांवर उभें आहे, हें मला त्या तीन महिन्यांत दिसून आलें.

प्रमाणपत्र हें शब्दप्रमाण. पण शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा, म्हणजे जाणत्या आणि खरें बोलणाऱ्या माणसाचा. विकणाराच जर साक्षीदार असेल, तर त्याच्या शब्दाचें मोल काय? अमेरिकेच्या एफ्. बी. आय्. या गुन्हे-अन्वेषण खात्यानें इ. स. १९९९ मध्यें कॅलिफोर्नियांत सह्यांची बनवाबनवी करणारी एक मोठी टोळी पकडली. खोट्या सहीबरोबर खोटें प्रमाणपत्रहि ती मंडळी पुरवीत असत. त्या तपासांत असे बेसबॉल सांपडले कीं, ज्यांवर कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांची सही होती! दीनदुबळ्यांच्या सेवेंत जन्म घालविणाऱ्या त्या माउलीनें बेसबॉलवर सही कशाला केली असेल, हा प्रश्नहि गिऱ्हाइकाला पडूं नये, इतका सोनेरी कागदाचा प्रभाव असतो. प्रमाणपत्र म्हणजे प्रमाण नव्हे.

दुसरें उपमान, येथें जरा सैल अर्थानें. निर्विवाद खऱ्या असलेल्या सह्या शेजारीं ठेवून ताडून पाहावयाचें. यांत शाळामास्तराला कोणी शिकवावें असें थोडेंच आहे? प्रगतिपुस्तकांवरील बापांच्या सह्या मीं हजारोंनीं पाहिल्या. खरी सही लिहिलेली असते, खोटी काढलेली असते. खरींत हात न थांबतां धांवतो. खोटींत तो वळणावळणावर दचकतो, लेखणी मध्येंच उचलली जाते, रेघ थरथरते. पण हा नियमहि आंधळेपणानें लावूं नये. जो जॅक्सन नांवाचा एक अत्यंत गुणी खेळाडू होऊन गेला. त्याला लिहितां येत नव्हतें. त्याच्या नांवाच्या बहुतेक सह्या त्याची पत्नी करीत असे. त्याच्या स्वतःच्या हातच्या अगदीं थोड्या आहेत, आणि त्या बिचाऱ्यानें चित्र काढावें तशा काढलेल्या आहेत. म्हणजे सफाईदार दिसते ती पत्नीची, आणि अडखळते तीच खरी! इ. स. २०२१ मध्यें त्यानें सही केलेलें एक छायाचित्र १४ लाख ७० हजार डॉलरांस गेलें. ज्याला शाळेचें तोंड पाहावयास मिळालें नाहीं, त्याच्या अक्षराची ही किंमत वाचून मी मास्तर कितीतरी वेळ स्वस्थ बसून राहिलों.

तिसरें अनुमान; आणि येथें ताम्रपटाची विद्या जशीच्या तशी उपयोगी पडते. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारांत आलें १९४५ सालीं. तेव्हां १९४१ मध्यें वारलेल्या लू गेरिग या खेळाडूची सही बॉलपेनची असेल, तर ती खोटी. तेथें अक्षर पाहण्याचेंहि कारण नाहीं. याहून मोठी खूण चेंडूवरच छापलेली असते. अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन संघटनांच्या अधिकृत चेंडूंवर त्या त्या वेळच्या अध्यक्षाचें नांव छापीत असत. नाण्यावरील राजाच्या नांवावरून नाण्याचा काळ ठरतो, तसा या शिक्क्यावरून चेंडूचा काळ ठरतो. अमेरिकन लीगपुरतें सांगावयाचें तर बॅन जॉन्सन १९२७ पर्यंत, अर्नेस्ट बर्नार्ड १९३१ पर्यंत, विल्यम हॅरिज १९५९ पर्यंत, आणि त्यानंतर जो क्रोनिन १९७३ पर्यंत, अशी ती राजावळी आहे.

हें सारें नातवानेंच आपल्या एका पुस्तकांतून मला वाचून दाखविलें. मीं म्हटलें, "मग आपल्या चेंडूवर कोणाचें राज्य आहे, तें पाहिलेंस कां?" तो म्हणाला, "दिसत नाहीं, आजोबा. वर रोगण आहे." पूर्वीं तेथील लोक सही टिकावी म्हणून चेंडूला लाखेचें रोगण चढवीत. कालांतरानें तें रोगण पिंवळें पडे आणि राखण्यासाठीं केलेला उपायच वस्तु बिघडवी. म्हणून रोगण असणें ही कांहीं संशयाची गोष्ट नव्हे. परंतु त्याच रोगणाआड पुष्कळ कांहीं झांकतांहि येतें.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही दोघे खिडकीपाशीं बसलों. चेंडू हातरुमालांत धरला, ऊन तिरपें पडेल असा फिरविला आणि माझें पंचांग वाचण्याचें भिंग त्यावर धरलें. नातू एकेक अक्षर लावूं लागला. आधीं 'अमेरिकन लीग' हे शब्द लागले. मग एक 'सी', मग 'आर', पुढचें अक्षर पुसट, मग दोन 'एन'. त्यानें पुस्तक उघडलें, बोट ठेवलें आणि तो तसाच थांबला. "क्रोनिन... १९५९." थोड्या वेळानें माझ्याकडे न पाहतांच म्हणाला, "आजोबा, बेब रूथ तर १९४८ मध्येंच वारला."

मृत्यूनंतर कमींत कमी अकरा वर्षांनीं तयार झालेल्या चेंडूवर मेलेल्या माणसाची सही! अनुमान पुरें झालें होतें. मुलाचा चेहरा मात्र मला पाहवेना. शोधून काढल्याचा आनंद आणि गमावल्याचें दुःख हीं दोन्हीं एकाच वेळीं मुलाच्या तोंडावर मीं यापूर्वीं क्वचितच पाहिलीं असतील.

संध्याकाळीं पुतण्याला सांगितलें. त्यानें चेंडू दिव्याखालीं धरून स्वतः पाहिला आणि बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "काका, पुढच्या महिन्यांत तेंच प्रदर्शन पुन्हां भरतें आहे. मीं प्रमाणपत्रासकट घेतला, प्रमाणपत्रासकट देईन. खोटी सही कांहीं मीं केलेली नाहीं. आणि घेणारा विचारणार आहे थोडाच?" सूनबाई ताटें मांडीत होत्या, त्यांचा हात थबकला. नातू म्हणाला, "बाबा, मग तो दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटांत जाईल."

माझ्या ओठांवर उपदेश आला होता. पण तो मीं गिळला. बाप आणि मुलगा यांच्यामध्यें अशा वेळीं तिसऱ्यानें बोलूं नये. त्यांतून दोन वर्षांची काटकसर माझी नव्हती, त्यांची होती. पानावर बसून सत्याच्या गोष्टी सांगणें पाहुण्याला सोपें असतें.

रात्रीं पुतण्या माझ्या खोलींत आला. म्हणाला, "काका, सातवींत असतांना प्रगतिपुस्तकावर मीं अण्णांची सही ठोकली होती, आठवतें कां? तुम्हीं ती एका नजरेंत ओळखलीत. मला छडी मारली नाहीं, अण्णांनाहि सांगितलें नाहीं. तूंच जाऊन सांग, म्हणालांत. ती अर्धी गल्ली चालायला मला तासभर लागला होता." मीं म्हटलें, "आठवतें." तो थोडा वेळ बसला आणि उठून गेला. यापलीकडे आमच्यांत त्या विषयावर एक शब्दहि झाला नाहीं.

विक्रेत्याला त्यानें पत्र लिहिलें. त्याचें उत्तर आलें नाहीं. चेंडू मात्र प्रदर्शनांत गेला नाहीं. तो आजहि त्याच कपाटावर आहे. प्रमाणपत्र नातवानें उलटें करून त्याच्या कोऱ्या पाठीवर स्वतःच्या अक्षरांत, इंग्रजींत आणि खालीं मराठींत, लिहून ठेवलें आहे : "या चेंडूवरील सही खोटी आहे. विकूं नये." 'विकूं'चा ऊकार त्यानें मला विचारून दीर्घ केला.

आम्ही निघण्यापूर्वीं पुतण्या सर्वांना एका सामन्यास घेऊन गेला. तेथें चौथें प्रमाण, जें प्रत्यक्ष, तेंहि पाहावयास मिळालें. इ. स. २००१ पासून तेथील मुख्य संघटनेनें अशी व्यवस्था केली आहे कीं, तटस्थ साक्षीदार मैदानावर हजर राहतात, महत्त्वाचा चेंडू बाजूस काढतांच त्यावर क्रमांकाची चमकती चिकटपट्टी लावतात आणि त्याची नोंद ठेवतात. यांपैकीं पुष्कळजण पोलीस खात्यांतले असतात. ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें त्याचीच साक्ष घ्यावयाची, हा नियम फसवणुकीचे चटके बसल्यावर आला. पण आला हें बरें झालें. सामना संपल्यावर एका तरुण, अप्रसिद्ध खेळाडूनें कठड्याशीं येऊन नातवाच्या साध्या चेंडूवर सही केली. तिला बाजारांत कोणी चार डॉलरहि देणार नाहीं. पण ती होतांना आम्हीं पांचजणांनीं पाहिली आहे, आणि नातवाच्या कपाटांत मधली जागा आतां तिची आहे.

नाशिकच्या भगिनीच्या प्रश्नाचें उत्तर यांत आलेंच आहे. चेंडू आपल्या घरीं नसतील; पण आजोबांच्या वेळची स्वाक्षऱ्यांची वही, एखाद्या थोर पुरुषाचें पत्र, एखाद्या क्रिकेटपटूनें सही केलेली बॅट, अशा वस्तु पुष्कळ घरांत असतात. त्या उन्हापासून दूर ठेवाव्यात, त्यांना वारंवार हात लावूं नये, आणि टिकाव्यात म्हणून वर कसलेंहि रोगण चढवूं नये. मुख्य म्हणजे, ही सही कोणीं, केव्हां, कोठें व कोणासमक्ष केली, हें घरांतील वडील माणसांना आजच विचारून निराळ्या कागदावर लिहून ठेवावें. पुढच्या पिढीला तेंच शब्दप्रमाण होणार आहे. तेथें जें ठाऊक नाहीं तें "ठाऊक नाहीं" असेंच लिहावें. घरचीं माणसें नातवंडांची आप्त आहेतच. तर्कसंग्रहाच्या अर्थानेंहि तीं आप्त ठरावींत, एवढें आपल्या हातीं आहे.